नदीपलीकडची नोकरी आणि मताविना कर : अमेरिकेतील राज्य-प्राप्तिकराचा शंभर वर्षांचा वाद

१/
अमेरिकेच्या ईशान्येला पिस्काटाक्वा नावाची नदी आहे. तिच्या एका काठावर न्यू हॅम्पशर राज्यातील पोर्ट्समथ शहर, दुसऱ्या काठावर मेन राज्यातील किटरी हे गाव. मध्ये सीव्ही बेट, आणि त्या बेटावर १८०० साली स्थापन झालेली नौदलाची गोदी. हे बेट कोणाचे, यावरून दोन्ही राज्ये २००१ साली थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात भांडत होती. पुराव्यादाखल इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याचा १७४० सालचा सीमानिवाडा मांडला जात होता. या भांडणाच्या मुळाशी मात्र गोदीत काम करणाऱ्यांच्या पगारावरचा प्राप्तिकर होता.

२/
आजचा धागा या प्रश्नावर आहे : माणूस एका राज्यात राहतो, दुसऱ्या राज्यात कमावतो, मग त्याच्या उत्पन्नावर कर घेण्याचा हक्क कोणत्या राज्याचा? विषय हिशेबनिसाचा वाटेल. माझ्या मते तो लोकशाहीच्या इतिहासाचा आहे. सीमा ओलांडून कामाला जाणारा माणूस जेथे कर भरतो तेथे त्याला मत नसते. म्हणून त्याला न्याय मिळाला तो बहुधा न्यायालयाच्या समान वागणुकीच्या नियमामुळे. विधिमंडळांनी दिलेला न्याय त्यात फार थोडा आहे. हा नियम जेथे सैल झाला तेथे काय घडले, हे पुढे पाहू.

३/
प्रथम आपल्याला हा प्रश्न अपरिचित का, ते पाहू. निपाणीत राहून रोज कोल्हापूरला नोकरीस जाणाऱ्या माणसाने राज्यसीमा ओलांडली म्हणून त्याचा प्राप्तिकर बदलत नाही. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेतीखेरीज अन्य उत्पन्नावरील कर केंद्रसूचीत आहे (नोंद ८२). राज्यांकडे शेती-उत्पन्नावरील कर आहे (राज्यसूची, नोंद ४६), आणि व्यवसाय कर, ज्यावर अनुच्छेद २७६ ने वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे.

४/
याचा अर्थ आपल्याकडे भांडण नाही असा नव्हे. ते वेगळ्या दालनात होते. केंद्राने गोळा केलेल्या करांतील राज्यांचा वाटा वित्त आयोग ठरवतो. पंधराव्या वित्त आयोगाने विभाज्य निधीचा ४१ टक्के वाटा राज्यांना द्यावा असे सुचवले आणि त्याची वाटणी लोकसंख्या, क्षेत्रफळ, उत्पन्नातील तफावत अशा निकषांवर केली. तेथे राज्य विरुद्ध राज्य अशी तक्रार असते, पण सामान्य पगारदार त्या भांडणात सापडत नाही. अमेरिकेत तो नेमका मध्यभागी सापडतो.

५/
अमेरिकेत संघराज्याचा प्राप्तिकर वेगळा आणि राज्याचा वेगळा. आधुनिक पद्धतीचा, यशस्वीपणे राबवलेला पहिला राज्य-प्राप्तिकर विस्कॉन्सिनचा, १९११ सालचा. मॅसॅच्युसेट्सने १९१६ मध्ये आणि न्यू यॉर्कने १९१९ मध्ये तो आणला. फ्लोरिडा, टेक्सास, न्यू हॅम्पशर अशा काही राज्यांनी पगारावर कर लावलाच नाही. शेजारी राज्यांची करपद्धती अशी भिन्न असेल आणि लोक रोज आगगाडीने सीमा ओलांडत असतील, तर वाद अटळ होता.

६/
वादाच्या मुळाशी दोन तत्त्वे आहेत आणि दोन्ही आपापल्या परीने रास्त आहेत. पहिले निवासाचे : मुलांची शाळा, घरासमोरचा रस्ता, अग्निशमन दल ज्या राज्याकडून मिळते, त्या राज्याने रहिवाशाच्या संपूर्ण उत्पन्नावर कर घ्यावा. दुसरे उगमाचे : ज्या राज्याच्या बाजारपेठेत, कायद्याच्या छत्राखाली उत्पन्न निर्माण झाले, त्याने त्या उत्पन्नावर कर घ्यावा. दोन्ही तत्त्वे एकाच वेळी लागू झाली की एकाच पगारावर दोनदा कर बसतो.

७/
उगमाच्या तत्त्वाला सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली ती १ मार्च १९२० रोजी, ‘शॅफर विरुद्ध कार्टर’ या खटल्यात. शॅफर राहणारे इलिनॉय राज्यातील शिकागोचे, त्यांचा तेलाचा व्यवसाय ओक्लाहोमात. ओक्लाहोमाने त्या उत्पन्नावर कर लावला. मी तुमचा रहिवासी नाही, मग माझ्या उत्पन्नावर तुमचा अधिकार कसा, असा शॅफर यांचा सवाल होता. न्यायालयाने तो फेटाळला. उत्पन्न ज्या राज्याच्या हद्दीत निर्माण होते त्या राज्याला, कमावणारा बाहेरचा असला तरी, त्या उत्पन्नापुरता कर घेता येतो, असे ठरले.

८/
त्याच दिवशी दुसरा निकाल आला, ‘ट्रॅव्हिस विरुद्ध येल अँड टाउन’. येल अँड टाउन ही कनेटिकट राज्यातील कंपनी. तिचे काही कर्मचारी न्यू यॉर्कमध्ये काम करत आणि राहत मात्र शेजारच्या राज्यांत. न्यू यॉर्कच्या १९१९ च्या कायद्याने रहिवाशांना १,००० डॉलरची (विवाहितांना २,००० डॉलरची) वैयक्तिक सूट दिली होती. बाहेरून येणाऱ्यांना ती नाकारली होती. न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरवला.

९/
दोन्ही निकाल न्यायमूर्ती महलॉन पिटनी यांनी लिहिले. ते स्वतः न्यू जर्सीचे, म्हणजे ज्या राज्यातून माणसे रोज न्यू यॉर्कला कामाला जातात त्या राज्याचे. दोन्ही निकाल एकत्र वाचले की पुढील शतकाचा करार समजतो : परक्या राज्याला तुमच्याकडून कर घेता येईल, पण आपल्या रहिवाशाकडून घेतो त्याहून वाईट वागणूक तुम्हाला देता येणार नाही. या दुसऱ्या अर्ध्या भागाचा आधार राज्यघटनेच्या चौथ्या कलमात आहे. एका राज्याच्या नागरिकाला दुसऱ्या राज्यात तेथील नागरिकांसारखेच मूलभूत हक्क मिळावेत, असे ते कलम सांगते.

१०/
निवासाचे तत्त्व १९३७ साली पक्के झाले. न्यू यॉर्कच्या एका रहिवासी महिलेला न्यू जर्सीतील मालमत्तेचे भाडे मिळत असे. न्यू यॉर्क त्यावरही कर घेऊ शकते, असे न्यायालयाने ठरवले. आता दोन्ही राज्यांचे हात कायदेशीर झाले. दुहेरी कर टाळण्यासाठी राज्यांनी वळतीची पद्धत रूढ केली : बाहेरच्या राज्यात भरलेला कर घरच्या राज्याच्या करातून वळता करून घ्यायचा.

११/
एक काल्पनिक हिशेब घेऊ. समजा, न्यू जर्सीत राहणाऱ्या व्यक्तीने न्यू यॉर्कमध्ये कमावलेल्या पगारावर न्यू यॉर्कचा कर ५,५०० डॉलर आणि न्यू जर्सीचा ४,००० डॉलर होतो. ती न्यू यॉर्कला ५,५०० भरते. न्यू जर्सी आपले ४,००० सोडून देते. व्यक्तीवर दोनदा कर बसत नाही, पण न्यू जर्सीच्या तिजोरीत त्या पगारातून काहीच येत नाही, आणि शाळा मात्र तिलाच चालवायची असते. घरच्या राज्यात पगारावर करच नसेल, तर वळते करायलाही काही उरत नाही. परक्या राज्याचा कर पूर्णपणे खिशातून जातो. न्यू हॅम्पशरची कथा येथून सुरू होते.

१२/
पहिला प्रसंग. न्यू हॅम्पशरमध्ये पगारावर कर नाही, सर्वसाधारण विक्रीकरही नाही. भिस्त मुख्यतः मालमत्ताकरावर. १९७० मध्ये या राज्याने एक कर आणला : बाहेरून येऊन न्यू हॅम्पशरमध्ये काम करणाऱ्यांच्या, २,००० डॉलरच्या वरील उत्पन्नावर ४ टक्के. त्यांच्या घरच्या राज्याचा कर त्याहून कमी होत असेल, तर तेवढाच. कायद्याची रचना अशी होती की प्रत्यक्षात न्यू हॅम्पशरच्या एकाही रहिवाशाला पगारावर हा कर भरावा लागत नव्हता. ज्यांना मत नाही त्यांच्यावरच कर!

१३/
बचावाचा युक्तिवाद धूर्त होता. मेन राज्य आपल्या रहिवाशांना बाहेर भरलेला कर वळता करून देते. म्हणजे मेनच्या कामगाराच्या खिशातून एक डॉलरही जास्त जात नाही. जे काही जाते ते मेनच्या तिजोरीतून. मग तक्रार कसली? १९७५ साली ‘ऑस्टिन विरुद्ध न्यू हॅम्पशर’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद नाकारला. एका राज्याच्या कायद्याची घटनात्मकता दुसऱ्या राज्याच्या कायद्यात आज काय लिहिले आहे यावर ठरू शकत नाही, असे न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी लिहिले.

१४/
मार्शल यांच्या निकालातील दुसरा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो. बाहेरच्या माणसाला कर लावणाऱ्या राज्याच्या विधिमंडळात प्रतिनिधी नसतो. म्हणून केवळ त्याच्यावर पडणाऱ्या कराला मतदाराच्या नाराजीचा लगाम राहत नाही. तो लगाम न्यायालयाने पुरवायचा. रहिवाशांवर आणि बाहेरच्यांवर कर सारखा असेल, तर रहिवासी स्वतःसाठी ओरडतील आणि त्या ओरडण्याचा लाभ मत नसलेल्यालाही मिळेल. समान वागणुकीचा नियम अशा रीतीने मत नसलेल्याला शेजाऱ्याच्या मताचा आडोसा देतो.

१५/
एकट्या न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी विरोधी मत नोंदवले. त्यांच्या दृष्टीने येथे खरा वादच नव्हता : मेनने आपली वळतीची सवलत मागे घेतली की न्यू हॅम्पशरच्या कराचा प्रश्न आपोआप मिटेल. हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे चूक नव्हते. पण त्यात गृहीत असे आहे की शेजाऱ्याने घाव घालावा आणि मेनने आपल्याच कामगाराला ढाल करावे. दोन तिजोऱ्यांच्या भांडणात माणसाने मध्ये का उभे राहावे, याचे उत्तर त्या मतात नाही.

१६/
दुसरा प्रसंग, तेच सीव्ही बेट. आता बाजू पालटल्या. मेनने १९६९ पासून प्राप्तिकर लावला होता. गोदी संघराज्याची, पण १९४० च्या ‘बक’ कायद्याने संघराज्याच्या जागेतील उत्पन्नावरही त्या त्या राज्याला कर घेता येतो. न्यू हॅम्पशरमध्ये राहून गोदीत काम करणारे मेनला कर भरत. घरी वळते करायला काही नव्हते. मेनच्या निवडणुकीत त्यांना मतही नव्हते. काही वर्षांपूर्वी न्यू हॅम्पशरने इतरांच्या बाबतीत जे केले होते, त्याची झळ आता त्याच्याच लोकांना लागत होती.

१७/
फरक एवढाच आणि तो मोठा, की मेन आपल्या रहिवाशांकडूनही कर घेत होते. म्हणून ‘ऑस्टिन’चे शस्त्र येथे चालणार नव्हते. मग न्यू हॅम्पशरने नकाशाच बदलण्याचा प्रयत्न केला. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा गेला : सीमा नदीच्या मध्यातून जात नाही, मेनच्या किनाऱ्यालगत जाते; म्हणून सारी नदी, बंदर आणि बेट आमचे. दावा मान्य झाला असता, तर गोदीतील पगारावरील मेनचा कर आपोआप संपला असता.

१८/
येथे इतिहासाने न्यू हॅम्पशरला अडवले. १९७० च्या दशकात शेवंडांच्या मासेमारीवरून या दोन राज्यांत समुद्री सीमेचा तंटा झाला होता. तेव्हा १७४० च्या निवाड्यातील ‘नदीचा मध्य’ म्हणजे मुख्य नौकानयन-प्रवाहाचा मध्य, असा अर्थ दोन्ही राज्यांनी संमतीने स्वीकारला आणि १९७७ मध्ये तसा हुकूमनामा झाला. मे २००१ मध्ये न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी निकाल दिला : एक भूमिका घेऊन निकाल पदरात पाडून घेतल्यावर, सोयीचे नाही म्हणून उलट भूमिका घेता येत नाही. बेट मेनकडेच राहिले.

१९/
न्यायमूर्ती डेव्हिड सूटर या निर्णयात सहभागी झाले नाहीत. ते न्यू हॅम्पशरचे; १९७६ ते १९७८ या काळात त्या राज्याचे ॲटर्नी जनरल होते. उरलेल्या आठही न्यायमूर्तींचे एकमत होते. अभिलेखांचा अभ्यास करणाऱ्यांना हा निकाल आवडेल : राज्यांनाही आपल्या जुन्या कागदपत्रांशी प्रामाणिक राहावे लागते. गोदीतील कामगाराच्या हाती मात्र काहीच आले नाही. तो मेनला कर भरतच राहिला.

२०/
तिसरा प्रसंग २०२० चा. साथीच्या काळात बोस्टनची कार्यालये बंद झाली. न्यू हॅम्पशरमधून रोज बोस्टनला जाणारे आता घरच्या टेबलावर काम करू लागले. शरीर सीमेपलीकडे जातच नव्हते. मॅसॅच्युसेट्सने नियम काढला : जो साथीपूर्वी आमच्या राज्यात काम करत होता आणि केवळ साथीमुळे घरून काम करतो, त्याचे वेतन आमच्याच राज्यात कमावलेले मानले जाईल. दर ५ टक्के. ज्या शहरात अठराव्या शतकात प्रतिनिधित्वाविना कर नको ही घोषणा गाजली, त्याच शहराच्या राज्याने हा नियम काढावा, यातील विरोधाभास कोणाच्याही लक्षात येईल.

२१/
ऑक्टोबर २०२० मध्ये न्यू हॅम्पशरने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. आमच्या हद्दीत, आमच्या नागरिकाने, घरी बसून केलेल्या कामावर दुसरे राज्य कर कसा घेते, हा त्याचा प्रश्न होता. न्यू जर्सी आणि कनेटिकट यांनी पाठिंबा दिला, कारण न्यू यॉर्कच्या बाबतीत त्यांचे दुखणे तेच होते. २८ जून २०२१ रोजी न्यायालयाने दावा दाखल करून घेण्यासच नकार दिला. न्यायमूर्ती थॉमस आणि ॲलिटो यांना तो ऐकावा असे वाटत होते. मॅसॅच्युसेट्सचा तात्पुरता नियम त्याच सप्टेंबरात संपला. प्रश्न अनिर्णित राहिला.

२२/
तिन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. १९७० मध्ये न्यू हॅम्पशरने मत नसलेल्या परक्यांवर कर लावला. २०२० मध्ये मत नसलेल्यांवर कर लावल्याबद्दल शेजाऱ्यावर दावा केला. मी त्या राज्याला ढोंगी ठरवत नाही. मेन, मॅसॅच्युसेट्स, न्यू यॉर्क यांपैकी कोणीही त्या जागी असते तर बहुधा तेच केले असते. राज्याची तत्त्वे तिजोरीच्या कलाने वळतात. म्हणून सीमा ओलांडणाऱ्या माणसाचे रक्षण एखाद्या राज्याच्या सद्भावनेवर सोपवणे धोक्याचे आहे.

२३/
मताची ताकद किती, याचे शुद्ध उदाहरण न्यू यॉर्क शहरात सापडते. १९६६ पासून शहराबाहेरून कामाला येणाऱ्यांवर शहराचा कर होता. १९९९ मध्ये तो वेतनाच्या ०.४५ टक्के होता. त्या वर्षी उपनगरातील राज्य-सिनेटच्या एका पोटनिवडणुकीच्या तोंडावर विधिमंडळाने तो रद्द केला, पण फक्त न्यू यॉर्क राज्यात राहणाऱ्यांसाठी. न्यू जर्सी आणि कनेटिकटहून येणाऱ्यांवर तो तसाच ठेवला. एकाच कार्यालयात शेजारी बसणाऱ्या दोघांपैकी ज्याला मत होते तो सुटला.

२४/
पुढे न्यायालयात समान वागणुकीचा तोच जुना नियम उभा राहिला. भेदभाव टिकला नाही आणि सर्वांचाच कर गेला. विधिमंडळाने मतदाराला सोडवले, न्यायालयाने मत नसलेल्याला. १९२० च्या ‘ट्रॅव्हिस’ निकालाचे राज्य तेच, आणि ऐंशी वर्षांनंतर धडाही तोच.

२५/
उलट उदाहरण राजधानी वॉशिंग्टनचे. मेरीलँड आणि व्हर्जिनियातून तेथे असंख्य लोक कामाला येतात. पण १९७३ च्या स्वशासन कायद्यात काँग्रेसने शहराला बाहेरच्यांच्या उत्पन्नावर कर घेण्यास मनाई केली. मेरीलँड आणि व्हर्जिनियाला काँग्रेसमध्ये मते आहेत. वॉशिंग्टनला सिनेटमध्ये कोणी नाही आणि प्रतिनिधिगृहात मताधिकार नसलेला एक प्रतिनिधी आहे. येथे कर भरणाऱ्याऐवजी कर घेणारे शहरच मताविना आहे, आणि तोटाही त्याचाच. २००० पासून त्या शहराच्या वाहनपट्ट्यांवर प्रतिनिधित्वाविना कर ही तक्रार छापलेली असते.

२६/
आता आजच्या सर्वांत ज्वलंत भागाकडे येऊ. न्यू यॉर्कचा एक जुना नियम आहे, मालकाच्या सोयीचा. कर्मचारी न्यू यॉर्कच्या कार्यालयाशी जोडलेला असेल आणि मालकाच्या गरजेमुळे नव्हे तर स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्या राज्यातील घरून काम करत असेल, तर ते दिवसही न्यू यॉर्कमध्ये काम केल्याचे धरले जातात. मॅसॅच्युसेट्सने साथीपुरते जे केले, ते न्यू यॉर्क कित्येक दशके करत आले आहे.

२७/
या नियमाला आव्हान देणारे कायद्याचेच एक प्राध्यापक होते, एडवर्ड झेलिन्स्की. शिकवायचे न्यू यॉर्कमध्ये. संशोधन आणि लेखन कनेटिकटमधील घरी. २००३ मध्ये न्यू यॉर्कच्या सर्वोच्च राज्य-न्यायालयाने त्यांच्या विरोधात निकाल दिला. २००५ मध्ये टेनेसीत राहणाऱ्या एका संगणक-प्रोग्रामरचे प्रकरण आले. त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश कामाचा काळ टेनेसीत गेला होता, तरी साऱ्या वेतनावर न्यू यॉर्कचा कर योग्य ठरला. निकाल ४ विरुद्ध ३ असा निसटता होता.

२८/
शेजाऱ्यांनी यावर जे उत्तर शोधले ते प्रतिशोधाचे. कनेटिकटने, आणि २०२३ मध्ये न्यू जर्सीने, असा कायदा केला की ज्या राज्यात हा सोयीचा नियम आहे त्या राज्यातील रहिवाशांना आम्हीही तोच नियम लावू. राज्याच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. पण मार खाणार कोण? न्यू यॉर्कच्या विधिमंडळाने केलेल्या नियमाचा बदला न्यू यॉर्कमधील एखाद्या पगारदाराकडून घेतला जातो. ब्लॅकमन यांच्या मतात जी ढाल होती, तीच येथे पुन्हा दिसते.

२९/
न्यू यॉर्कची बाजूही नीट मांडली पाहिजे. घरी बसून केलेल्या कामाचे मोल त्या घरात तयार होत नाही. ते शहरातील बाजारपेठ, भुयारी रेल्वे, न्यायालये, ग्राहक यांच्या जाळ्यात तयार होते. घरून काम म्हणताच कर थांबला, तर सुस्थितीतील उपनगरवासीयांना पळवाट मिळेल आणि शहराचा भार शहरातील कमी मिळकतीच्या लोकांवर पडेल. शिवाय पगारावर कर न घेणारी राज्ये शेजारच्या महानगराच्या रोजगारावर जगतात, हा आक्षेपही पोकळ नाही. बोस्टन नसते तर दक्षिण न्यू हॅम्पशरची भरभराट एवढी झाली नसती.

३०/
माझ्या तर्काला छेद देणारे एक मत न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांचेही आहे. २०१५ च्या ‘विन’ खटल्यात मेरीलँड आपल्या रहिवाशांना बाहेरच्या राज्यांत भरलेला कर पूर्ण वळता करू देत नव्हते. ५ विरुद्ध ४ मतांनी न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. निकाल ॲलिटो यांनी लिहिला. गिन्सबर्ग यांचा विरोध होता : रहिवाशाला मत आहे, त्याने ते वापरावे. बहुमताने उत्तर दिले की केवळ मताच्या बळावर अशा कराचा निकाल लागेल ही आशा फोल आहे. सीमा ओलांडून कमावणारे घरच्या राज्यातही बहुधा अल्पसंख्यच असतात, म्हणून बहुमताचे म्हणणे मला पटते.

३१/
आता माझे मत. शरीराने ज्या राज्यात काम केले, त्या राज्याला त्या दिवसांपुरता कर मिळावा. तेथील रहिवाशाइतकाच, त्याच सवलतींसह. उरलेल्या दिवसांवर घरच्या राज्याचा हक्क. न्यू यॉर्कच्या शहरी जाळ्याचे मोल खरे आहे; पण त्यासाठी तेथील कंपनीच्या नफ्यावर आणि जमिनीवर कर घेता येतो, आणि तो टाळून कंपनीला सहज पळता येत नाही. ज्या माणसाने त्या दिवशी राज्यात पाऊलही ठेवले नाही, त्याला काल्पनिकपणे तेथे हजर करणे म्हणजे ‘शॅफर’ निकालाचा आधारच काढून घेणे आहे.

३२/
कारण ‘शॅफर’ने बाहेरच्याकडून कर घेण्यास मान्यता दिली ती उत्पन्न राज्याच्या हद्दीत निर्माण होते म्हणून. सोयीचा नियम हद्दीची ती अट पुसतो. १९२० च्या करारातील राज्याचा लाभ ठेवायचा आणि राज्यावरची मर्यादा सोडायची, असा हा व्यवहार आहे. करारात मत नसलेल्याच्या वाट्याला आधीच थोडे आले होते. तेही काढून घेऊ नये.

३३/
हा प्रश्न सोडवण्याचा योग्य मार्ग काँग्रेसचा आहे. आंतरराज्य वाणिज्याचे नियमन हा तिचा घटनादत्त अधिकार आहे आणि तिने तो वापरलाही आहे. राज्याराज्यांतून गाडी नेणाऱ्या रेल्वे व मालमोटार कर्मचाऱ्यांच्या वेतनावर केवळ घरच्या राज्याचा कर, असा कायदा झाला. १९९६ मध्ये, नोकरी सोडून दुसऱ्या राज्यात स्थायिक झालेल्याच्या निवृत्तिवेतनावर जुन्या राज्याने कर घेणे बंद झाले. २००९ मध्ये सैनिकांच्या जोडीदारांना असेच संरक्षण मिळाले.

३४/
या यादीत कोण आहे? रेल्वे कर्मचारी, निवृत्त, सैनिकांची कुटुंबे : संघटित किंवा देशाच्या सहानुभूतीचे धनी असलेले गट. सामान्य पगारदारासाठी आणलेले विधेयक प्रतिनिधिगृहाने एकाहून अधिक वेळा मंजूर केले. सिनेटमध्ये ते अडले. ज्या राज्यांचा महसूल जाईल त्यांचे सिनेटर जागे असतात. ज्यांचे पैसे जातात ते अनेक राज्यांत विखुरलेले असतात. मत असूनही विखुरलेपणामुळे ते निष्प्रभ होते.

३५/
या धाग्याच्या वाचकांपैकी अनेकांचे आप्त एडिसन किंवा जर्सी सिटीत राहतात आणि न्यू यॉर्कच्या कंपनीत काम करतात. त्यांतील बरेच जण व्हिसावर आहेत. त्यांना न्यू यॉर्कमध्ये मत नाही, न्यू जर्सीतही नाही. दोन्ही राज्यांची विवरणपत्रे मात्र भरावी लागतात. त्यांच्यासाठी समान वागणुकीचा नियम हा एकमेव आडोसा आहे, आणि तो कोणत्याही निवडणुकीतून आलेला नाही. तो १९२० आणि १९७५ च्या निकालांतून आला आहे.

३६/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक सूचना करून थांबतो. लढाया आणि राजवंश यांच्याइतकेच करांचे कायदे वाचा. राज्य कोणाला आपले मानते, कोणाला परके, आणि परक्याकडून काय घेते, हे तेथे आकड्यांत लिहिलेले असते. घरून काम करावे की नाही यावर आज बोलताना, त्या घराचे राज्य कोणते हा प्रश्नही विचारा. न्यू यॉर्कची बाजू अधिक सबळ वाटत असेल तर खाली जरूर लिहा. त्या बाजूचे उत्तम युक्तिवाद वाचायला आवडतील.